आधी गोठा हलवा



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींनी हयातभर नदीकाठच्या शाळांत शिकवले. त्यांच्या नावाने बोलायचे, तर नदीकाठाविषयीच बोलावे असे मी ठरवले. विषय महापुराचा आहे. धरणे, विसर्ग, क्युसेक यांवर अधिकाराने बोलणारे जाणकार आपल्याकडे पुष्कळ आहेत. मी महापुराच्या एकाच बाजूवर बोलणार आहे. आपल्या आपत्ती नियोजनात ती शेवटच्या पानावर असते. नदीकाठच्या घरात मात्र सगळ्यांत आधी तिचाच विचार होतो. ती बाजू म्हणजे गोठा.

कोल्हापुरात आषाढ लागला की दोन आकडे ज्याच्या त्याच्या तोंडी असतात. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी. सांगलीत कृष्णेच्या आयर्विन पुलाजवळ हेच आकडे 40 आणि 45. पाणी किती इंचांनी चढतेय, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले, ही चौकशी चहाच्या टपरीपासून एसटी स्टँडपर्यंत चाललेली असते. राधानगरीच्या एका दरवाजातून 1,428 क्युसेक पाणी पडते, हे इथल्या कित्येकांना पाठ आहे. या खोऱ्यात माहितीचा तुटवडा नाही. वर्तमानपत्र, रेडिओ, मोबाइल, ग्रामपंचायतीचा भोंगा, सगळे आहे.

तरीही 2019 च्या ऑगस्टमध्ये काय झाले ते आपण पाहिले. राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेले, सांगलीत 57 फुटांच्या वर. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद राहिला. दोन्ही जिल्ह्यांत मिळून चार लाखांहून अधिक माणसे हलवावी लागली आणि त्यांतली कितीतरी माडीवरून, गच्चीवरून, नावेत घालून काढावी लागली. 8 ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली नाव उलटली. 17 जीव गेले. त्यांत बायका होत्या, लहान मुले होती. त्या गावातल्या कोणत्या घराने कोणत्या कारणाने किती वाट पाहिली, यावर बाहेरच्या माणसाने बोलू नये. मला एवढेच म्हणायचे आहे की पाणी वेढा घालून बसल्यावर जी नाव येते तो शेवटचा उपाय असतो, आणि आपण त्यालाच पहिला उपाय करून बसलो आहोत.

इशारा मिळतो, तरी माणसे पाणी उंबऱ्याला लागेपर्यंत का थांबतात? अधिकाऱ्यांच्या बैठकांत याचे उत्तर ठरलेले असते: लोक ऐकत नाहीत. शहरातल्या घरांतही हेच ऐकू येते. हे उत्तर मला मान्य नाही. नदीकाठचा माणूस अडाणी नाही आणि हट्टीही नाही. तो हिशेब करतो, आणि त्याचा हिशेब त्याच्या जागी उभे राहून पाहिला तर बरोबर असतो.

करवीर किंवा शिरोळ तालुक्यातले एखादे घर डोळ्यांपुढे आणा. दीड-दोन एकर ऊस. ऊस कारखान्याला जातो तेव्हा जातो आणि बिल येते तेव्हा येते. घराचा रोजचा खर्च चालतो तो दुधावर. गोठ्यात दोन म्हशी, एक गाय, एक रेडकू. दर दहा दिवसांनी डेअरीचे बिल मिळते. त्यातून किराणा, मुलीची फी, आजीची औषधे. म्हैस बहुतेक वेळा कर्जाने घेतलेली असते आणि हप्ता दुधातूनच कापला जातो. आता रात्री अकराला सरकारी गाडी दारात येते. साहेब म्हणतात, “पाच मिनिटांत निघा.” गाडीत माणसे बसतात, म्हैस बसत नाही. ज्या शाळेत न्यायचे तिथे सतरंज्या आहेत, डाळभात आहे, डॉक्टरही आहे; दावणी नाहीत, वैरण नाही. मग घरातले एक माणूस म्हणते, “तुम्ही व्हा पुढं, मी थांबतो जनावरांजवळ.” तो थांबतो म्हणून त्याची बायको थांबते. ती थांबते म्हणून पोरे जात नाहीत. अंथरुणाला खिळलेली आई तर मुलाला सोडून हलणारच नाही. एका म्हशीपायी अख्खे घर थांबते, ते असे.

त्यात आणखी एक गोष्ट मिसळते. प्रत्येक घराच्या भिंतीवर मागच्या पुराची खूण असते. 2019 मध्ये गावोगाव एकच वाक्य ऐकू येत होते: “2005 ला पाणी इथवर आलं नव्हतं.” अनुभवाचे बोल म्हणून ते खरे होते. पण 2019 चे पाणी ती खूण ओलांडून गेले. आणि 2021 च्या जुलैत कोल्हापुरात त्याहीपेक्षा वर, 56 फुटांच्या पुढे गेले.

या खोऱ्याचे पाणी कसे वागते ते थोडक्यात सांगतो, कारण गोठ्याचा प्रश्न त्याच्याशी बांधलेला आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती यांची पंचगंगा होते ती प्रयाग चिखलीला. पुढे नरसोबावाडीला ती कृष्णेला मिळते. कृष्णा आधीच फुगलेली असेल तर पंचगंगेला वाट मिळत नाही. आपल्याकडे याला फूग म्हणतात. शिरोळ तालुक्यात तर कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा अशा चार नद्यांचे पाणी येते. त्यामुळे घाटात पाऊस थांबला, कोल्हापुरात ऊन पडले, तरी खाली आठ-आठ दिवस पाणी हलत नाही. डोंगरातल्या पुरासारखे ते अंगावर धावून येत नाही. बांधावरून, ओढ्यातून, मागच्या बाजूने येते आणि आधी रस्ता गिळते.

हा रस्त्याचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. गावातले सगळ्यात खालचे घर कोरडे असते, तेव्हाच गावाबाहेरच्या ओढ्यावरचा पूल पाण्याखाली गेलेला असतो. घरात पाणी नाही म्हणून माणूस निश्चिंत, आणि तोवर जनावरांना बाहेर काढायची एकमेव वाट बंद. माणूस नावेतून निघू शकतो. म्हैस त्या ओढ्यावरूनच जाणार. म्हणजे गावाने पाहायची पातळी घराच्या उंबऱ्याची नाही आणि राजाराम बंधाऱ्याचीही नाही. बंधाऱ्यावर किती फूट झाले की आपल्या ओढ्यावर पाणी येते, हा आकडा प्रत्येक गावाचा वेगळा आहे. तो कुठल्याही सरकारी फलकावर लिहिलेला नसतो. गावातल्या म्हाताऱ्यांना तो माहीत असतो. तो आकडा गावाने काढावा, चावडीच्या भिंतीवर रंगवावा आणि त्याच्या दोन फूट आधी जनावरे हलवायला सुरुवात करावी. तेही दिवसाउजेडी. रात्री पावसात, बॅटरीच्या उजेडात म्हैस ट्रॉलीत चढत नाही, हे ज्याने चढवून पाहिले आहे त्याला सांगावे लागत नाही.

वेळ टळली की उरतो तो एकच मार्ग: दावी कापायची आणि जनावर मोकळे सोडायचे. ज्यांनी ते केले आहे त्यांच्याशी मी बोललो आहे. त्यांच्याकडून त्या रात्रीची फारशी हकीकत मिळत नाही, आणि ती उकरून काढूही नये.

आता थोडे बाहेर पाहू. 12 नोव्हेंबर 1970 ला आजच्या बांगलादेशाच्या, म्हणजे तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर भोलाचे चक्रीवादळ आले. किमान तीन लाख माणसे मेली. काही अंदाज पाच लाखांपर्यंत जातात. त्यानंतर 1972 मध्ये तिथे रेड क्रॉस आणि सरकारने गावागावांत स्वयंसेवक उभे करण्याचे काम हाती घेतले. पद्धत साधी: गावातलीच माणसे, हातात कर्णा, डोक्यावर हेल्मेट, खांबावर चढवायची निशाणे. धोका वाढेल तशी निशाणे एकाची दोन, दोनाची तीन. तरीही 1991 च्या एप्रिलमधल्या वादळात सुमारे 1 लाख 40 हजार माणसे गेली. त्या मृतांची मोजदाद झाली तेव्हा दिसले की ऐन उमेदीच्या वयातल्या स्त्रियांचे मृत्यूचे प्रमाण त्याच वयाच्या पुरुषांच्या जवळजवळ पाचपट होते. स्त्रिया मुलांसाठी, घरासाठी, घरधन्याच्या होकारासाठी थांबल्या. आज त्या कार्यक्रमात सुमारे 76 हजार स्वयंसेवक आहेत आणि त्यांतल्या निम्म्या स्त्रिया आहेत. 2020 च्या मे महिन्यात अम्फान आले. तेव्हा करोनाची साथ चालू असतानाही बांगलादेशाने 24 लाख माणसे हलवली आणि तिथली मृत्युसंख्या तिशीच्या आत राहिली.

ही गोष्ट आता बरेच जण सांगतात. तिच्यातला एक भाग मात्र सहसा सांगितला जात नाही. 1970 च्या संहारानंतर बांगलादेशाने किनाऱ्यावर मातीचे उंच भराव घातले आणि ते मुख्यतः जनावरांसाठी घातले. लोक त्यांना मुजीब किल्ला म्हणतात. नंतरच्या पक्क्या निवाऱ्यांतही गुरांसाठी जागा ठेवली जाऊ लागली. माणूस जनावर सोडून निवाऱ्यात येत नाही, हे त्यांना पुन:पुन्हा दिसत होते. बांगलादेश आपल्यापेक्षा श्रीमंत नव्हता. त्याने माणसाच्या वागण्याला दोष देत बसण्याऐवजी त्याप्रमाणे आपली व्यवस्था बदलली.

आपल्याच देशातल्या ओडिशानेही 1999 च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे गमावली, त्याच वर्षी स्वतंत्र आपत्ती प्राधिकरण स्थापन केले, आणि 2013 मध्ये फायलिन आले तेव्हा दहा लाखांच्या आसपास माणसे आधीच हलवली. त्या वेळी मृत्यू काही दहांत मोजता आले. किनारा वेगळा, वादळ वेगळे, हे मला मान्य आहे. आपले पाणी तर वादळापेक्षा हळू येते, आधी कळते. म्हणून आपल्याला सबबही कमी आहे.

मग आपण काय करायचे? मला वाटते, दक्षिण महाराष्ट्राकडे एक मोठे बळ आहे. ते म्हणजे सहकार. गावोगाव दूध संस्था आहे. तिच्या सचिवाला कुणाच्या गोठ्यात किती जनावरे, कुठली गाभण, कुठली नुकती व्यालेली, हे तोंडपाठ असते. तलाठ्याकडे नसलेली ही यादी आहे आणि ती रोज सकाळ-संध्याकाळ ताजी होते. दूध संघाची गाडी दिवसातून दोनदा गावात येते. जनावरांचा डॉक्टर संघाकडे असतो. दुसरीकडे साखर कारखाना. पावसाळ्यात त्याचा हंगाम बंद असतो. अंगण मोकळे, शेड रिकामी, पाण्याची सोय असलेली, आणि कारखान्याची जागा बहुधा उंचावर. ऊस ओढणारे शेकडो ट्रॅक्टर-ट्रॉली जून ते ऑक्टोबर गावात उभे असतात. म्हणजे जनावरांची यादी आहे, गाडी आहे, जागा आहे, डॉक्टर आहे. 2019 आणि 2021 मध्ये काही कारखान्यांनी, संघांनी, तालमींनी आणि तरुण मंडळांनी ऐन वेळी धावून हे करून दाखवलेही. त्यांचे उपकार फिटणारे नाहीत. पण जे ऐन वेळी धावून केले, ते मे महिन्यात लिहून ठरवता येते. कुठल्या गावाची जनावरे कुठल्या कारखान्यावर, कुठल्या वाटेने, कुणाच्या ट्रॉलीतून, डिझेल कुणाचे. एवढाच तो करार. दूध संस्था आणि कारखाना यांचे संचालक पुष्कळदा एकाच पंक्तीला बसणारे असतात. त्यांना हे अवघड नाही.

यात बारीक गोष्टी फार आहेत आणि त्याच चुकतात. छावणीत दूध काढायची आणि नेण्याची सोय नसेल तर दुसऱ्याच दिवशी काससुजी सुरू होते आणि उत्पन्नही बंद पडते. मग माणूस जनावर घेऊन परत गावाकडे निघतो. पुरात उभी वैरण कुजते, कडब्याची गंज भिजते. म्हणून उन्हाळ्यातच मक्याचा मुरघास करून पिशव्या उंच जागी ठेवायला हव्यात. आठ दिवसांचा ठेवला तरी पुष्कळ. घटसर्प, फऱ्याची लस पावसाळ्याआधी झालेली हवी, कारण दहा गावांची जनावरे एका शेडमध्ये आली की रोग पसरायला वेळ लागत नाही. कानातला बिल्ला असला तर परत नेताना भांडणे होत नाहीत. हे सगळे घरातल्या बायकांना पुरुषांपेक्षा जास्त कळते, कारण गोठा त्याच पाहतात. गावाच्या आपत्ती समितीत त्यांची नावे कागदावर असतात. निर्णय त्यांच्या हाती असायला हवा. जनावरे कधी हलवायची, हे गावात बचत गटाच्या बायकांनी ठरवावे असे मी गंभीरपणे सुचवतो.

पैशाचे काय, असा प्रश्न नेहमी येतो. केंद्राच्या 2022 च्या निकषांनुसार पुरात दुभती गाय किंवा म्हैस गेली तर 37,500 रुपये मिळत, तेही घरटी तीन मोठ्या जनावरांपर्यंत. शेळीला 4,000. चांगल्या दुभत्या म्हशीची बाजारातली किंमत याच्या किती वर आहे हे इथे बसलेल्या कुणालाही विचारा. शिवाय वाहून गेलेल्या जनावराचा पुरावा कुठून आणायचा? त्यापेक्षा जनावर वाचवणे स्वस्त पडते. दिवसाला दोन हजार लिटर संकलन असलेल्या गावाने लिटरमागे पाच पैसे पूरनिधीला काढले, तर वर्षाला साडेछत्तीस हजार रुपये जमतात. डिझेल आणि मुरघासाच्या पिशव्यांना त्यांचा मोठा आधार होतो, आणि ते पैसे मिळवायला मंत्रालयात जावे लागत नाही.

आता कुणी म्हणेल, तुम्ही सरकारला मोकळे सोडता. तसे अजिबात नाही. 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा नकाशावर काढून ठेवल्या आहेत. त्यांच्या आत घरे, मंगल कार्यालये, दुकानगाळे उभे राहतात, तेव्हा परवानगी कुणाच्या सहीने मिळते याचा जाब विचारलाच पाहिजे. महामार्गाचा भराव पाणी अडवतो, तिथे भरावाऐवजी खांबांवरचा पूल हवा, ही शिरोली परिसराची मागणी रास्त आहे. 2019 च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनेही अतिवृष्टीबरोबर नदीपात्रातल्या अतिक्रमणांकडे बोट दाखवले. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या पातळीचा वाद तर दोन राज्यांच्या सरकारांनीच सोडवायचा आहे. पण माझी तक्रार अशी आहे की आपल्या सगळ्या सभा या मोठ्या वादांवर संपतात आणि गोठ्यापर्यंत पोचतच नाहीत. अलमट्टीचा निकाल आपल्या हातात नाही. ओढ्यावर पाणी येण्याआधी ट्रॉली दारात उभी असणे आपल्या हातात आहे.

पुनर्वसनाचेही तेच झाले. पंचगंगाकाठच्या चिखली-आंबेवाडीसारख्या गावांसाठी सोनतळीला जागा दिल्या गेल्या. तरीही माणसे मोठ्या संख्येने जुन्याच गावात राहिली. भूखंड घरापुरता होता. शेत नदीकाठी, चारा नदीकाठी, गोठा नदीकाठी. रोज पहाटे धार काढायला कोण सोनतळीहून नदीकाठी येणार? पुनर्वसनाचा आराखडा काढताना घराशेजारी गोठ्याची जागा धरली असती, तर चित्र पुष्कळ वेगळे दिसले असते.

माझ्या मांडणीतली एक उणीव मला दिसते आणि ती झाकून ठेवणे योग्य नाही. ज्याच्याकडे म्हैसच नाही, त्याचे काय? शेतमजूर, भाड्याच्या खोलीत राहणारी कुटुंबे, गावाच्या सर्वांत खालच्या अंगाला असलेल्या दलित आणि भटक्या समाजाच्या वस्त्या. तिथे दूध संस्थेचा सभासद नाही, यादीत नाव नाही. असलीच तर दोन शेळ्या आणि पाच कोंबड्या. पाणी आधी तिथेच येते, आणि गाडी सगळ्यांत शेवटी तिथे पोचते. म्हणून गावाची यादी त्या वस्तीपासून सुरू झाली पाहिजे. पहिली ट्रॉली तिथे जाईल, हे ठरावात लिहिलेले हवे. तोंडी सांगितलेले पुराच्या रात्री कुणाला आठवत नाही.

2021 चे उदाहरण मला धीर देते. कोल्हापुरात पाणी 2019 पेक्षा वर गेले, तेही झपाट्याने चढले. पण पंचगंगाकाठच्या अनेक गावांत लोक या वेळी गाडीची वाट पाहत बसले नाहीत. आधीच जनावरे घेऊन निघाले. पाणी वाढूनही कोल्हापूर जिल्ह्यातली जीवितहानी मर्यादित राहिली. त्याच दिवसांत कोकणात चिपळूण आणि महाड बुडाले, तळियेवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. दरडीची गोष्ट वेगळी आहे, तिच्यावर स्वतंत्र व्याख्यान व्हावे. कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्याला मात्र 2021 ने दाखवून दिले की दोन वर्षांत गाव बदलू शकते.

नरसोबावाडीला बहुतेक पावसाळ्यांत दक्षिणद्वार सोहळा होतो. कृष्णेचे पाणी देवळात शिरते, उत्तरेकडून येऊन दक्षिणद्वाराने बाहेर पडते, आणि माणसे त्यात भक्तिभावाने स्नान करतात. या खोऱ्याचे पुराशी नाते इतके जुने आहे. मळीच्या जमिनीची सुपीकता पुरानेच दिली. पूर येऊ नये असे इथला शेतकरी म्हणत नाही. पुरात आपले माणूस आणि आपले जनावर जाऊ नये, एवढेच तो म्हणतो.

म्हणून इथे बसलेल्या सरपंचांना, दूध संस्थेच्या सचिवांना, कारखान्याच्या संचालकांना आणि बचत गटांतल्या माझ्या भगिनींना माझी हात जोडून विनंती आहे. 1 मे रोजी ग्रामसभा असते. त्या सभेत एकच ठराव मांडा: आपल्या ओढ्यावर पाणी येण्याची पातळी किती, जनावरे कुठे जाणार, कुणाच्या ट्रॉलीतून जाणार आणि पहिली ट्रॉली कुणाच्या दारात जाणार. ठरावावर सह्या घ्या, त्याची एक प्रत चावडीवर आणि एक डेअरीत लावा. जूनच्या पहिल्या आठवड्यात एकदा ट्रॉली जोडून, जनावरे चढवून, कारखान्यापर्यंत नेऊन आणा.